कोशकारांचा हिशेब

प्रबंधलेखनाचे उद्दिष्ट सांगताना बहुधा वर्षांची भाषा बोलली जाते: तीन वर्षांत प्रबंध, पाचांत ग्रंथ. हे माप कितपत भरवशाचे, हे मद्रास विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या तमिळ कोशावरून पाहावे. १९१३ साली चँडलर यांच्या संपादकत्वाखाली काम सुरू झाले, तेव्हा अंदाज पाच वर्षांचा व एक लाख रुपयांचा होता. छापील कोश वाचकांच्या हाती येऊ लागला तो १९२४ पासून. सहावा खंड पुरा व्हावयास १९३६ साल उजाडले आणि खर्च चार लाखांवर गेला.

याला अपयश म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. वर्ष हे काळाचे माप आहे, कामाचे नव्हे. कोशाला सुदैवाने स्वतःचे माप असते, ते म्हणजे वर्णक्रम. छपाई कोणत्या अक्षरापर्यंत आली हे संपादकालाच नव्हे, पैसा पुरविणाऱ्यालाही दिसते. त्यापूर्वीची अकरा वर्षे वाया गेली असे नव्हे. पण त्या काळातील प्रगती बाहेरच्या माणसाने मोजावी कशी?

प्रबंधाला वर्णक्रम नसतो. तो लेखकालाच घडवावा लागतो. ‘या महिन्यात दुसरे प्रकरण’ हे उद्दिष्ट फसवे आहे. ‘या आठ कविता, प्रत्येकीवर एक पान’ हे मोजता येते. ‘वाचन चालू आहे’ ही तर नोंदच नव्हे. (अनुवादकाला मूळ ग्रंथाची उरलेली पाने दिसतात, टीकाकाराच्या वाट्याला हे सुख नाही.)

वैयापुरी पिळ्ळै यांनी १९२६ पासून संपादकपद सांभाळून काम तडीस नेले. सहा खंडांत १,०४,४०५ शब्द आले, आणि १९३९ च्या पुरवणीत आणखी १३,३५७. हा दुसरा आकडा मला अधिक बोधप्रद वाटतो. निसटलेल्या प्रत्येक शब्दासाठी छपाई थांबविली असती, तर सहावा खंड निघालाच नसता. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्याचीही पुरवणी १९५० साली आली. आमच्याकडील कितीतरी प्रबंध आळसाने अडलेले नसतात. नवे पुस्तक हाती आले की लेखक पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे वळतो. अशा टिपणांसाठी निराळी वही असावी, आणि शेवटचे प्रकरण लिहून होईपर्यंत ती उघडू नये.