आधी कान, मग बोटं

माझ्या मामेबहिणीच्या केळवणाची गोष्ट. जेवणं झाली आणि गाणी सुरू झाली. मी तेव्हा चार वर्षं गिटार शिकत होतो. कॉर्डचं पुस्तक पाठ होतं, वीस-पंचवीस गाणी हातात बसली होती. ‘तू साथ कर’ असं कुणीतरी म्हटल्याबरोबर मी ऐटीत पुढे सरसावलो. मावशीनं गाणं धरलं आणि माझी भंबेरी उडाली. गाणं ओळखीचं होतं, पण मी पुस्तकातल्या पट्टीत वाजवत होतो आणि मावशी काळी चारमध्ये गात होती. दोन ओळींनंतर ती थांबली आणि म्हणाली, ‘‘अरे, मी कुठे गातेय ते ऐकतोस का जरा?’’ सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर गिटार कपाटावर गेली, ती सहा महिने खाली आली नाही.

हौसेनं आणलेल्या अनेक गिटारी अशाच कपाटावर जातात. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यात ते अंगच नाही. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. बोटांना चार वर्षं शिकवलेलं असतं, कानाला चार दिवसही नाही.

गिटार हे वाद्य या बाबतीत थोडं फसवं आहे. तिच्यावर पडदे असतात, म्हणजे फ्रेट. पडद्याच्या मागे बोट दाबलं की ठरलेला स्वर मिळतो, कान झोपलेला असला तरी मिळतो. पंडित ब्रिजभूषण काबरा (१९३७-२०१८) यांची गिटार आठवून बघा. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत ती ऐकू येते. काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून धातूची कांडी सरकवत. तिथे पडद्यांचा आधार नाही. कांडी केसभर पुढेमागे झाली तरी स्वर बेसूर. कुठे थांबायचं हे सांगणारा एकटा कान. आपण पडद्यांची गिटार वाजवतो म्हणून आपल्याला ही मेहनत माफ आहे, असं मात्र नाही.

सुरुवात तारा जुळवण्यापासून करू या. हल्ली मोबाईलमध्येही ट्यूनर असतो आणि तो जरूर वापरावा, पण शेवटी. आधी कानानं जुळवायचं आणि मग ट्यूनरकडून तपासून घ्यायचं, जसं गणित सोडवल्यावर पुस्तकामागचं उत्तर बघतो तसं. गिटारच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर जाड तारेला सा मानलं की पुढच्या तारा म, कोमल नी, कोमल ग, प आणि शेवटी दोन सप्तकं वरचा सा अशा येतात. प्रत्येक तार आधीच्या तारेचा मध्यम असते. अपवाद फक्त जी आणि बी या जोडीचा. तिथे नातं सा आणि शुद्ध गंधाराचं आहे. म्हणूनच जुळवताना एरवी पाचव्या पडद्यावर बोट ठेवतात आणि जी तारेवर मात्र चौथ्या.

जाड तार पाचव्या पडद्यावर दाबा आणि तिच्यासोबत शेजारची ए तार मोकळी छेडा. दोन्ही जुळल्या नसतील तर आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो. ए तारेची कंपनं सेकंदाला ११० असतात. दुसऱ्या तारेची १०८ भरली, तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. खुंटी हळूहळू पिळा. लाटा संथ होत जातात आणि शेवटी आवाज स्थिर उभा राहतो. रोज पाच मिनिटं ही लाट शोधली की महिन्याभरात कानाला धार येऊ लागते.

दुसरी सवय म्हणजे वाजवण्याआधी गाणं. आवाज चांगला नसला तरी हरकत नाही, आपल्याला मैफल करायची नाही. ‘सारेगम, रेगमप, गमपध’ हा साधा पलटा आधी गुणगुणा, मग तोच तारेवर काढा, मग दोन्ही एकत्र. मनात स्वर आधी उमटतो आणि बोट त्याच्या मागे जातं, असा क्रम बसायला हवा. चुकीचा स्वर आला तर तो आधी आपल्याच कानाला खटकतो, शिक्षकांनी सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट लयीची आणि सबुरीची. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. पलटा लागोपाठ तीनदा स्वच्छ आला तरच ६४ वर जा. एकदा जरी अडखळलात तरी पुन्हा ६० वर या. हे कंटाळवाणं वाटतं, पण हात जे वारंवार करतो ते शिकतो. घाईत केलेली चूक दहादा झाली, तर दहा वेळा चुकीचाच रियाझ झाला. कॉर्ड बदलताना अडत असेल, तर सगळं गाणं पुन:पुन्हा वाजवत बसू नका. जिथे अडतं त्या दोनच कॉर्ड घ्या आणि पाच मिनिटं इकडून तिकडे जा. आणि हे रोज करा. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास बरा, कारण शिकलेली हालचाल मेंदू झोपेतही पक्की करत असतो. आठवड्यात सात रात्री मिळतात, त्या वाया कशाला घालवायच्या?

चौथी सवय गाण्याचा सा शोधण्याची. त्याला गिटार जवळ असायलाही हवी असं नाही. गाणं ऐकताना ते कुठे येऊन विसावतं तिकडे लक्ष द्या. तो स्वर गुणगुणत धरून ठेवा. बहुधा तोच सा. मग तारेवर तो कुठे आहे ते बघा. सा डी वर सापडला, तर डी, जी आणि ए या तीन कॉर्ड, म्हणजे सा, म आणि प वरच्या. पुष्कळ साध्या गाण्यांची साथ एवढ्यावर निभावते. कॉर्ड मेजर की मायनर हेही कानच सांगतो. दोन्हीत सा आणि प तेच असतात. ग शुद्ध असला तर मेजर, कोमल असला तर मायनर.

बोटं कमी असली तरी कान काय करू शकतो, याचं उदाहरण जँगो राइनहार्ट यांचं आहे. १९२८ मध्ये आगीत त्यांचा डावा हात भाजला आणि दोन बोटं जवळपास निकामी झाली. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती. ऐकून ऐकून, उरलेल्या दोन बोटांनिशी त्यांनी वाजवण्याची नवी पद्धत बसवली आणि ते युरोपातले थोर जाझ गिटारवादक ठरले. आपल्याकडे ‘तानसेन नाही तर निदान कानसेन व्हा’ असं म्हणतात. गिटार शिकणाऱ्याला मी म्हणेन, आधी कानसेनच व्हा.

माझी गिटार सहा महिन्यांनी खाली उतरली ती याच चार सवयींसाठी. पुढे त्याच मामेबहिणीच्या बाळाच्या बारशाला मावशी पुन्हा गायला बसली. या वेळी मी पहिली ओळ वाजवलीच नाही, नुसती ऐकली. सा गुणगुणला, चौथ्या पडद्यावर कॅपो लावला आणि ई च्या आकारातल्या कॉर्ड धरून दुसऱ्या ओळीला हळूच साथ सुरू केली. मावशीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाणं पूर्ण केलं.

आज रात्री एवढंच करा. गिटार कपाटावरून काढा, धूळ पुसा आणि ट्यूनर न लावता दोन तारा जुळवा. बाकीच्या चार उद्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)