शंभर नंबरी पेट्रोल, सत्त्याण्णव सीसीची गाडी

‘साधं का पॉवर?’ पंपावरच्या पोराने एवढं विचारलं की बाइकवाल्याची छाती उगाच फुगते. मागे कुणी बसलं असेल तर ‘साधं’ म्हणायला जीभही रेटत नाही. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० आणलं तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता आणि साधं पेट्रोल ऐंशीच्या घरात होतं. हे शंभर नंबरी द्रव्य स्प्लेंडरला पाजलं तर काय होईल? पाकीट हलकं होईल. बाकी गाडी कालच्यासारखीच पळेल.

कारण ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हेच. तो आहे त्याचा संयम. पिस्टन पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, ते तापतं, मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने पसरत जाते. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलला मात्र दम निघत नाही. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपलं आपणच भडकतं. ‘सावधान’ म्हणायच्या आत अक्षता फेकणारे पाहुणे असतात ना, तसं. मग चढावर इंजिनातून टकटक ऐकू येते आणि मेकॅनिक मान हलवून म्हणतो, ‘नॉकिंग आहे.’

हा संयम किती लागणार, ते इंजिन मिश्रणाला किती दाबतं यावर ठरतं. स्प्लेंडरचं कॉम्प्रेशन दहास एकच्या आसपास, तर केटीएम ३९० ड्यूकचं साडेबाराच्या. जास्त दाबणाऱ्या इंजिनाला जास्त ऑक्टेन चालतं, कधी कधी लागतंच. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत आकडा छापलेला असतो. पुस्तिका ९१ म्हणत असेल आणि गाडी ठोकत नसेल, तर वरचा खर्च निव्वळ हौसेचा. ठोकत असेल तरी आधी प्लग आणि कार्बन बघून घ्यावा, मग पेट्रोल बदलावं.

शून्य कुठून आलं?

ऑक्टेनच्या पट्टीची दोन टोकं ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९२६ च्या सुमारास ठरवली. न ठोकणारं आयसो-ऑक्टेन म्हणजे १०० आणि सतत ठोकणारं हेप्टेन म्हणजे ०. आता शुद्ध हेप्टेन आणायचं कुठून? ते मिळालं झाडाच्या चिकातून. कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइनच्या राळेत ते जवळजवळ शुद्ध स्वरूपात असतं. टर्पेंटाइन गाळणाऱ्यांनी चुकून या झाडाचा चीक भट्टीत घातला की भट्टी उडायची, अशी त्याची जुनी ख्याती. पेट्रोलची पट्टी बेतायला झाड कामी यावं, ही गंमतच.

मिजलीसाहेबांचे दोन पराक्रम

ठोकणं थांबवायचं औषध मात्र त्याआधीच सापडलं होतं. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, पेट्रोलमध्ये मिसळलं. चिमूटभर घातलं तरी इंजिन गप्प! अल्कोहोलनेही ठोकणं थांबतं, हे त्याला ठाऊक होतं. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतं, त्याच्यावर मक्तेदारी कशी सांगणार? शिशाचं पेटंट मात्र घेता येत होतं. शिसं विषारी आहे हेही तेव्हा गुपित नव्हतं. हे संयुग बनवणाऱ्या कारखान्यांत कामगार दगावले, तरी धंदा चालूच राहिला. मिजली एवढ्यावर थांबला नाही. पुढे त्याने फ्रिजसाठी सीएफसी वायू आणला, ज्याने ओझोनला भोक पाडलं. एकट्या माणसाने वातावरणाचं इतकं नुकसान क्वचितच केलं असेल. पोलिओनंतर अंथरुणातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या-कप्प्यांचं एक यंत्र बनवलं होतं. १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत गळा आवळून त्याचा मृत्यू झाला.

भारतातून शिशाचं पेट्रोल २००० साली गेलं. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते बंद केलं. आणि शंभर वर्षांपूर्वी मागे पडलेलं अल्कोहोल इथेनॉल या नावाने पुन्हा पंपावर हजर झालं.

अमेरिकेतल्या भाच्याचा फोन

‘मामा, इथे तर ८७ चंच पेट्रोल मिळतं!’ घाबरू नका. आपल्याकडे आणि युरोपात आरओएन हा आकडा लिहितात. अमेरिकेत आरओएन आणि एमओएन अशा दोन चाचण्यांची सरासरी लिहितात आणि एमओएनचा आकडा नेहमीच कमी भरतो. त्यामुळे तिकडचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१.

लडाखला बूस्टरच्या बाटल्या

खारदुंगलाची तयारी करताना काही मंडळी ऑक्टेन बूस्टर भरून नेतात. गणित उलटं आहे. लेहला हवा विरळ, म्हणून सिलिंडरमध्ये हवा कमी, म्हणून दाबही कमी. इंजिन तिथे समुद्रसपाटीपेक्षा कमी ठोकतं. अमेरिकेच्या डोंगराळ राज्यांत ८७ ऐवजी चक्क ८५ चं पेट्रोल विकलं जातं. वर गाडी दमते ती हवेअभावी, आणि हवा काही बाटलीत मिळत नाही.

मिरज, मनमाड आणि मग देश

इथेनॉल मिसळण्याचे पहिले सरकारी प्रयोग २००१ मध्ये झाले, तेही आपल्या मिरजेत आणि मनमाडला, शिवाय उत्तर प्रदेशात बरेलीकडे. मिरज म्हणजे सतारी आणि मनमाड म्हणजे जंक्शन एवढंच आपल्याला माहीत! २०१४ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण जेमतेम दीड टक्का होतं. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर पोचलं आणि २०३० चं २० टक्क्यांचं उद्दिष्ट सरकारने २०२५ वर ओढून आणलं. म्हणजे ‘कोणतं मिश्रण निवडू?’ हा प्रश्न भारतात बराचसा पंपानेच सोडवून टाकला आहे.

अ‍ॅव्हरेज घटतं का? घटतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती, म्हणजे साठ देणारी गाडी अठ्ठावन्नवर. याच्याहून मोठं खिंडार पडलं असेल तर सगळं खापर उसावर फोडू नका, एअर फिल्टरही उघडून बघा. जमेची बाजू अशी की इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या वर असल्याने ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, साधं पेट्रोलही आता ९५ आरओएनचं असल्याचं सरकार सांगतं. पूर्वी याच आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजावे लागत. तेव्हा ‘साधं’ म्हणताना आवाज खाली आणायचं कारण उरलेलं नाही.

खरी भानगड पाण्याची. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीने गाडी उभी राहिली आणि पाणी फार झालं, तर अल्कोहोल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. आणि कॉक पेट्रोल ओढतो तो तळातूनच! वर उरलेलं पेट्रोलही अल्कोहोल गेल्याने कमी ऑक्टेनचं झालेलं असतं. पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागणारी जुनी टू-स्ट्रोक येझदी किंवा राजदूत असेल तर आणखी पंचाईत. ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि इंजिनात जातं ते बिनऑइलचं पाणी-अल्कोहोल. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचं रबर आणि प्लास्टिक ई२० ला टिकेल असं बनवलेलं आहे, जुन्यांचं तसं असेलच असं नाही. म्हणून जुनी कार्बोरेटरची गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे वाफेला जागा उरत नाही, आणि फ्लोटमधलं पेट्रोल काढून टाकावं. नाहीतर रोज भाजीला का होईना, चालवावी.

गाडी आली, पंप नाही

टीव्हीएसने जुलै २०१९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी अपाचे आरटीआर २०० आणली. किंमत १ लाख २० हजार. पहिल्या यादीत महाराष्ट्र, कर्नाटक आणि उत्तर प्रदेश, म्हणजे सगळा उसाचा मुलूख. फक्त तिच्यात भरायचं काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. पुण्यात ई१०० चे प्रायोगिक पंप सुरू झाले ते जून २०२१ मध्ये. शिवाय आजच्या ई१०० मध्येही शंभर टक्के इथेनॉल नसतं. ते ९३ टक्क्यांच्या आसपास, पाच टक्के पेट्रोल आणि उरलेलं दोघांना एकत्र धरून ठेवणारं द्रावक.

ब्राझीलने हा घोळ घातला नाही. तिथे १९७५ पासून उसाचं इथेनॉल सरकारी धोरणात आहे, पंप आधी झाले आणि जगातली पहिली फ्लेक्स-फ्युएल मोटारसायकल, होंडाची सीजी १५० टायटन मिक्स, २००९ मध्ये तिथेच आली. पूर्वी तिथल्या अल्कोहोलच्या मोटारींना पेट्रोलची एक छोटी टाकी वेगळी असायची. थंडीत इथेनॉलची वाफ नीट होत नाही, म्हणून सकाळी पहिला घोट पेट्रोलचा.

आणि अमेरिका? आपली बाइक ई२० पिते, पण तिकडे ई१५ सुद्धा मोटारसायकलीत भरायला कायद्याने बंदी आहे. पंपावर तसा इशाराच चिकटवलेला असतो. पण एकाच नळीतून ई१० आणि ई१५ दोन्ही येत असेल तर? नळीत आधीच्या गिऱ्हाइकाचं थोडं ई१५ उरतंच. यावर तिथल्या पर्यावरण खात्याने २०१२ मध्ये उपाय काढला: अशा पंपावर किमान चार गॅलन, म्हणजे पंधरा लिटर पेट्रोल घ्यायचं, म्हणजे उरलेलं ई१५ त्यात विरून जाईल. मोटारसायकलवाल्यांची संघटना उसळली. कित्येक बाइकच्या टाकीत मुळात पंधरा लिटर मावतच नाही! शेवटी खात्याला ई१० साठी वेगळ्या नळीचा पर्यायही मान्य करावा लागला.