परक्या मुलखात आपली मंडळी

आपले मराठी ख्रिस्ती बांधव चर्चमधल्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. नव्या देशात अशी मंडळी कशासाठी लागते, ते लंडनच्या एका उदाहरणावरून पाहू.

१६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा जाहीरनामा रद्द केला आणि फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट उपासनेवर बंदी आली. त्याआधीपासूनच प्रोटेस्टंटांच्या, म्हणजे ह्यूगनॉटांच्या, घरांत सैनिक आणून बसवले जात होते. छळापायी पुष्कळांनी तोंडाने का होईना, धर्म सोडला. त्यांतले कितीतरी पुढे लंडनला निसटले.

तिथे थ्रेडनीडल स्ट्रीटवर फ्रेंच भाषेत उपासना चाले. परदेशी प्रोटेस्टंटांना सहाव्या एडवर्डने १५५० मध्येच तशी सनद दिली होती. पण आत शिरणं सोपं होतं का? नव्या माणसाकडे जुन्या चर्चचं पत्र मागत. ज्याने दबावाखाली धर्म सोडला होता, त्याला सर्वांसमोर चूक कबूल करावी लागे.

आधीच पोळलेल्या माणसाला पुन्हा हे? कठोरच आहे. पण दुसरी बाजूही बघा. परक्या शहरात आपल्याला ओळखणारं कुणी नसतं. एकदा नोंदवहीत नाव चढलं की आपल्या भाषेत प्रार्थना, अडीनडीला मदत आणि ‘हा आमचा माणूस’ म्हणणारे लोक मिळत.

ह्यूगनॉटांनी १७४३ मध्ये ब्रिक लेनवर आणखी एक प्रार्थनागृह बांधलं. १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तिथे सिनेगॉग केलं. १९७६ मध्ये बांगलादेशींनी मशीद. इमारत आजही वापरात आहे.