पाच टनांची अट : बार्शी लाइटची इंजिनं आणि संशोधनाचा प्रश्न

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्यांना मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमचा रिसर्च प्रॉब्लेम काय?" बहुतेक जण इथे विषय सांगतात. 'नॅरोगेज रेल्वेची वाफेची इंजिनं' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषयातून प्रश्न कसा काढायचा, हे आज आपल्याच भागातल्या एका उदाहरणावरून बघू. अकरावीचं भौतिकशास्त्र पुरेल, फक्त कागद-पेन जवळ ठेवा.

आधी थोडी ओळख

बारामती-इंदापूरकडच्या जुन्या माणसांना 'छोटी गाडी' म्हटलं की लगेच कळतं. दौंड-बारामती मार्ग १९१४ मध्ये सुरू झाला तो नॅरोगेजच होता. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आज तिथे ब्रॉडगेज आहे, १६७६ मिलिमीटरचं. पण अडीच फुटी गाडीचा खरा अभ्यास करायचा तर भिगवणवरून रुळाच्या कडेकडेने सोलापूरच्या दिशेने कुर्डुवाडीपर्यंत जावं लागतं. तिथे होती बार्शी लाइट रेल्वे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता आधी जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. बार्शी ही मोठी व्यापारपेठ, पण मुख्य मार्गापासून लांब. कॅलथ्रॉपने १८९५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ही गाडी सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज असं करत मार्ग सुमारे ३२५ किलोमीटर झाला. १९५४ मध्ये तो सरकारकडे आला आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला.

बहुतेक लेख इथेच संपतात. आपलं काम इथून सुरू होतं.

अट शोधा

कॅलथ्रॉपचा हिशोब साधा होता. ब्रॉडगेज मार्ग बार्शीसारख्या गावाला परवडणार नाही. खर्च कमी करायचा तर रूळ हलका हवा. त्याने ठरवलेला रूळ यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचा. आज मुख्य मार्गांवर ६० किलोचा रूळ असतो. तुलना करून बघा, म्हणजे तो किती हलका ते कळेल.

आता हलक्या रुळावर जड चाक चालवलं तर रूळ वाकणार. म्हणून अट आली: कुठल्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. ॲक्सल म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. गंमत अशी की ही अट त्याने इंजिनालाही लावली आणि डब्यांनाही. एरवी काय होतं, तर रूळ इंजिनाच्या वजनाला बेतलेला असतो आणि डबे त्यामानाने हलके, म्हणजे बहुतेक वेळ रुळाची ताकद वाया. कॅलथ्रॉपचं म्हणणं होतं, रुळाला जेवढं झेपतं तेवढं प्रत्येक चाकाने वापरावं. १८९६ मध्ये त्याने लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचा मार्ग टाकून आपल्या गाड्या चालवूनही दाखवल्या.

म्हणजे बार्शीला रेल्वे मिळणार की नाही, हे त्या ५ टनांवर ठरत होतं. आता आपण विचारू शकतो: *ॲक्सलला ५ टन एवढीच मुभा असेल, तर इंजिन किती ओढू शकेल?* हा झाला प्रश्न. याला उत्तर काढता येतं आणि ते उत्तर चुकीचं ठरवताही येतं.

चाकांची भाषा

वाफेच्या इंजिनाची ओळख तीन आकड्यांत सांगतात: पुढची मोकळी चाकं, मधली ओढणारी चाकं, मागची मोकळी चाकं. बार्शी लाइटचा 'ए' वर्ग होता ०-८-४, लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेला. म्हणजे पुढे काही नाही, मध्ये ८ चाकं (४ ॲक्सल), मागे ४ चाकं (२ ॲक्सल). पाणी आणि कोळसा इंजिनावरच, वेगळं टेंडर नाही.

एकूण ६ ॲक्सल, म्हणजे इंजिनाचं वजन जास्तीत जास्त ३० टन. पण ओढायला उपयोगी पडतं ते फक्त ओढणाऱ्या चाकांवरचं वजन: ४ × ५ = २० टन.

आता घर्षण आठवा. कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड वजनाच्या साधारण पाव पट धरू. २० टनांचा पाव भाग म्हणजे ५ टन, ५००० किलोभार. याहून जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी फिरणार.

समोर चढ १०० ला १ धरा. प्रत्येक टनामागे चढाचा विरोध १० किलो. चाकं फिरण्याचा विरोध टनाला ५ किलो धरू (हे माझं गृहीतक, अधोरेखित करून ठेवा). एकूण १५ किलो. ५००० भागिले १५ म्हणजे सुमारे ३३३ टन. त्यातून इंजिनाचे ३० वजा केले की गाडीला उरले ३०० टन.

मग ८ च्या जागी १० ओढणारी चाकं का नाही लावायची? कारण ती एकमेकांना दांड्यांनी बांधलेली असतात. रांग जितकी लांब, तितकं वळण अवघड. आणि स्वस्त मार्गाला वळणं जास्त असतात, कारण टेकडी फोडण्यापेक्षा वळसा स्वस्त पडतो. एक अट सोडवायला गेलं की दुसरी अशी समोर उभी राहते.

आषाढातली अडचण

आता आकडा जमिनीवर आणू. पंढरपूरच्या मार्गावर सर्वात जास्त गर्दी कधी? आषाढी एकादशीला. आणि आषाढात रूळ कसा असतो? ओला. त्यातही जोराचा पाऊस रूळ धुऊन टाकतो, तो बरा. भुरभुर पाऊस रुळावरच्या धुळीचा नि तेलकटपणाचा पातळ चिखल करतो आणि तो सर्वात वाईट. पकड पाव पटीवरून ०.१५ वर आली असं धरा. २० टनांचे ३ टन. ३००० भागिले १५ म्हणजे २००. इंजिन वजा करून १७० टन.

बघा, ३०० चे १७० झाले. ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त वारकरी वाहायचे, नेमकं त्याच आठवड्यात इंजिनाची पकड सगळ्यात कमी. वाफेच्या इंजिनावर चाकापुढे वाळू सोडण्याची सोय का असते, ते आता वेगळं सांगायला नको.

आणखी एक बारकावा. पाण्याची टाकी इंजिनावरच असल्यामुळे प्रवासात पाणी संपत जातं तसं चाकांवरचं वजनही घटतं. म्हणजे २० टन हा सुटतानाचा आकडा, पोचतानाचा नव्हे.

जोर वेगळा, शक्ती वेगळी

इथे बरेच विद्यार्थी अडकतात. आतापर्यंत आपण फक्त जोर मोजला. पण पॅसेंजर गाडीला वेळेवरही पोचायचं असतं. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. ५००० किलोभार म्हणजे सुमारे ४९ किलोन्यूटन. ताशी १० किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २.७८ मीटरला, शक्ती लागते १३६ किलोवॅट. तोच जोर ताशी ३० ला टिकवायचा तर ४०० च्या वर.

एवढी वाफ ३० टनी इंजिनाचा बॉयलर देईल का? समजा तो चाकाशी १५० किलोवॅट देतो (हेही गृहीतक). मग ताशी ३० ला जोर उरतो १८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १८४० किलोभार. त्याच चढावर एकूण १२० टन, इंजिन वजा करून फक्त ९०.

म्हणजे सुटताना आणि हळू चढताना मर्यादा पकडीची, पळताना मर्यादा बॉयलरची. आता 'बी' वर्ग बघा: ४-८-४, हाही किटसनचा. ओढणारी चाकं तेवढीच, म्हणजे पकड तेवढीच. पण एकूण ॲक्सल ६ चे ८ झाले. ॲक्सलची तीच अट धरली तर वजनाची मुभा ३० वरून ४० टन. ही जास्तीची मुभा मोठ्या बॉयलरला, पाण्याला, कोळशाला वापरता येते. शिवाय पुढची मोकळी चाकं वळणात वाट दाखवतात. पुढे 'एफ' वर्ग आला तो २-८-२, पाणी-कोळसा वेगळ्या टेंडरमध्ये. या तिन्ही वर्गांत मधला ८ काही हलला नाही.

मग संशोधन कुठे आहे?

वरचं सगळं अजून फक्त अंदाज आहे. संशोधन तेव्हा होतं, जेव्हा तुम्ही अंदाज पुराव्यापुढे उभा करता. रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी वेगळं वेळापत्रक छापतात. कुठल्या चढावर कुठल्या वर्गाच्या इंजिनाने किती टन न्यायचे, हे अशा कागदांत ठरवून दिलेलं असतं. ते मिळवून आकडे ताडा. परवानगीचा भार आपल्या पकडीच्या आकड्याजवळ असेल, तर तिथे पकडीचं राज्य. बराच कमी असेल, तर बॉयलरचं. पावसाळ्यासाठी वेगळा भार दिला असेल, तर आपला आषाढाचा मुद्दा पक्का. दिलाच नसेल, तर तो मुद्दा सोडायची तयारी ठेवा.

असा अभ्यास स्थानिक म्हणून लहान मानू नका. बार्शीत सिद्ध झालेल्या कल्पना घेऊन कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरची लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे उभारली, १९०४ मध्ये. इंजिनं पुन्हा किटसनचीच. कारखाना लीड्सचा होता हे खरं, पण रोजच्या वापराची परीक्षा सोलापूर जिल्ह्यातल्या मातीवर झाली होती.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी स्वतःला चार गोष्टी विचारा. माझ्या विषयातली '५ टनांची अट' कोणती? तिच्यावरून मी कुठला आकडा काढू शकतो? त्यात मोजलेलं किती, गृहीत धरलेलं किती? आणि काय सापडलं तर मी चुकीचा ठरेन?

गृहपाठ म्हणून हाच हिशोब ०-६-० इंजिनासाठी करा. अट तीच, ॲक्सलला ५ टन. पकड आधी कोरड्या रुळावरची घ्या, मग ओल्या. उत्तरं कमेंटमध्ये टाका, पण सोबत गृहीतकंही लिहा. नुसता आकडा तपासणार नाही.