नहरावरचा माणूस कमी झाला, आता पाळीचं काय?



नहराला पाणी सुटलं पण आपल्या चारीला पोचलंच नाही, ही तक्रार आपण वरचेवर ऐकतो. कचेरीत उत्तर मिळतं, "माणसं नाहीत." म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ.

प्रत्येक सरकारी खात्याचा आकृतिबंध असतो. कोणत्या कामाला किती जागा, याचा तो तक्ता. खर्च आवरायचा झाला की शासन तो नव्याने मांडतं. काही जागा रद्द होतात, निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहतात. जलसंपदा विभागाने 2023 साली 4497 जागांची जाहिरात काढली. त्यात कालवा निरीक्षकांच्याच 1189 होत्या. यावरून आधीची तूट ध्यानात यावी.

कालवा निरीक्षक पाणी अर्ज पाहतो, पाळीवर लक्ष ठेवतो, चोरून घेतलेलं पाणी पकडतो. मोजणीदार भिजलेलं क्षेत्र मोजतो, त्यावर पाणीपट्टी बसते. हा माणूस नसला की हेडचा कास्तकार भिजवून मोकळा होतो अन् टेलचं वावर कोरडं राहतं. उसाची उन्हाळ्यातली पाळी चुकली की कांडी आखूड राहते. घट काट्यावर दिसते.

प्रकल्पांसाठी नागपुरात 1997 साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ झालं. पण चारीवर पाणी वाटायला माणूसच लागतो. ते काम शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी करावं, असा कायदा 2005 साली झाला. त्यात संस्थेला पाणी मोजून मिळतं, वाटप आणि वसुली संस्था करते, आणि कोट्यात राहून पीक कोणतं घ्यायचं ते सभासद ठरवतात. पेंचचं पाणी नागपूर शहरालाही जातं. तिथे तर थेंबाथेंबाचा हिशेब हवा.

मात्र खात्याची माणसं कमी झाली म्हणून मोडकी चारी आपल्या गळ्यात पडू देऊ नये. ताबा घेण्याआधी संयुक्त पाहणी करावी, दुरुस्त्या लेखी नोंदवाव्यात, पाणी मोजण्याचं साधन चालू आहे याची खात्री करावी. मोजमापच नसेल तर कोटा कागदावरच राहील.

आमची विनंती एवढीच: नमुना नंबर 7 चा अर्ज मुदतीत द्या, पोच घ्या, पाणीपट्टीची थकबाकी ठेवू नका. संस्थेच्या सभेला जा आणि वाटप टेलकडून हेडकडे असा ठराव करून घ्या. एकट्याच्या तक्रारीपेक्षा संस्थेच्या ठरावाला वजन जास्त.