कौलारू छपराची शोभा आणि कारागिराचे प्रशिक्षण : पळस्पे परिसराच्या निमित्ताने

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर मुंबई-पुणे व मुंबई-गोवा हे दोन जुने महामार्ग वेगळे होतात. येथून कोकणात उतरताना दिसणारी कौलारू छपरे आपण ‘निसर्गरम्य’ या विशेषणात गुंडाळून मोकळे होतो. त्यांमागील कारागिरी व ती शिकण्याची पद्धती यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोकणात पूर्वी नळीची कौले वापरीत. कुंभार चाकावर मातीची नळी काढून ती उभी चिरीत असे. एका नळीची दोन कौले होत. ती एकमेकांवर नुसती टेकलेली असल्याने वाऱ्याने, माकडांनी सरकत. म्हणून पावसाळ्यापूर्वी दरवर्षी शाकारणी अटळ असे. वस्तुतः शाकारणी हीच या विद्येची शाळा होती. खालून कौले देणारा मुलगा काही वर्षांनी पाख्यावर चढे.

१८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. त्याचा सूत्रधार गेओर्ग प्लेब्स्ट हा जर्मन होता. खाचेत खाच बसणाऱ्या मंगळुरी कौलांमुळे वार्षिक शाकारणीची निकड उरली नाही. घरमालकाची सोय झाली. शिकाऊ मुलाची शाळा मात्र सुटली. जर्मनीत छप्पर घालणाऱ्यास आजही तीन वर्षांची उमेदवारी असते. आपल्याकडे कौल आले, उमेदवारी आली नाही. हे काम गवंडी व सुतार यांच्या मधोमध पडते आणि दोघेही ते दुसऱ्याचे समजतात.

येथील शोभा कामापासून वेगळी काढता येत नाही. वळचणीच्या नक्षीदार लाकडी झालरीची टोके पाणी भिंतीपासून दूर, थेंबाथेंबाने सोडतात. अलीकडे उतरत्या स्लॅबवर कौले केवळ शोभेसाठी चिकटवितात. तेथे ओळ चुकली तरी घर गळत नाही, त्यामुळे चूक कळतही नाही. (शिकणाऱ्याचे याहून मोठे नुकसान कोणते?)

प्रशिक्षणाचा पहिला पाठ जमिनीवरच द्यावा. भट्टीत माती कमीअधिक आकसते. म्हणून आलेल्या मालातील दहा कौले एकमेकांत अडकवून, एकदा ताणून व एकदा दाबून मोजावीत आणि सरासरीवरून रिपांतील अंतर ठरवावे. मग वळचणीपासून आढ्याकडे, सूत धरून चढावे. प्रमाणपत्र मात्र एक पावसाळा उलटल्यावरच द्यावे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. माळ्यावर उमटलेल्या डागांवरून विद्यार्थ्याने आपली चूक स्वतः शोधावी व तेवढी कौले उतरवून पुन्हा बसवावीत.