पायाखाली लाव्ह्याचा समुद्र नाही

भूकवचाखाली लाव्ह्याचा समुद्र उकळतो आहे आणि ज्वालामुखी ही त्याची तोंडे आहेत, हा समज लालभडक आकृत्यांनी वर्षानुवर्षे पोसला आहे. तो साफ चुकीचा आहे. कवचाच्या तळापासून सुमारे २,८९० किलोमीटर खोलीपर्यंतचे प्रावरण घन खडकाचे आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून मात्र त्या आरपार जातात आणि अडतात थेट बाह्य गाभ्यापाशी. द्रवरूप आहे तो हा गाभा, आणि त्यातही लाव्हा नसून मुख्यतः वितळलेले लोह आहे. पुरावा इतका सरळ असताना तीच आकृती पुन्हा पुन्हा छापली जावी, हे खेदजनक आहे.

मग शिलारस येतो कुठून? प्रावरणातला तप्त खडक घन असूनही अत्यंत सावकाश वर सरकतो. वर येताना त्याच्यावरचा दाब घटतो, दाबाबरोबर वितळणबिंदू उतरतो आणि खडकाचा थोडा अंश वितळतो. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशाच वितळणातून आला. त्यामागचा उष्ण स्तंभ आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

त्याचा माग काढण्यासाठी २०१२-१३ मध्ये फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी 'रम-रम' मोहिमेत बेटाभोवतीच्या समुद्रतळावर ५७ भूकंपमापके वर्षभर ठेवली. जगभरच्या भूकंपांच्या लहरी त्यांनी नोंदवल्या. त्या नोंदींचा आधार घेऊन २०२१ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये छापून आलेल्या प्रतिमांत आफ्रिका आणि हिंदी महासागराखाली फांद्या फुटलेल्या वृक्षासारखी रचना दिसते. अशा प्रतिमांतला लाल रंग पाहिला की 'हा बघा लाव्हा' म्हणणारे निघतातच! त्या लाल रंगाचा अर्थ इतकाच, की तिथे लहरींचा वेग सरासरीपेक्षा थोडा कमी आहे. खडक बहुधा अधिक तप्त आहे, पण घनच.

अंतरंग पाहायला तिथवर खणावे लागते, हाही गैरसमजच. रशियातले कोला येथील सर्वांत खोल विवर १२,२६२ मीटरवर थांबले. ते भूकवचही भेदू शकले नाही. लहरी नोंदवायला जमिनीवरची भूकंपमापन केंद्रे पुरेशी आहेत, हेही खरे नाही. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, म्हणून समुद्रतळावरही भूकंपमापके लागतात.

समुद्रतळावरची ही भूकंपमापके भूकंपाचे भाकीत करतात, असेही म्हटले जाते. जपानने २०११च्या भूकंपानंतर उभारलेल्या एस-नेट जाळ्यात समुद्रतळावरची १५० केंद्रे केबलने जोडलेली आहेत. भूकंप सुरू झाल्यावर त्यांच्यामुळे धक्क्याचा इशारा पूर्वीपेक्षा जास्तीत जास्त ३० सेकंद आणि त्सुनामीचा २० मिनिटे लवकर देता येतो. पुढचा भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे मात्र कोणतेही जाळे सांगू शकत नाही.